एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या गोडेतेल

दंतवैद्यांनी गाडीचं दार उघडलं आणि वहिनींनी आत डोकं घालायच्या आधीच ओळखलं, की ही सहावी. न घासता दोन दिवस ठेवलेल्या कढईला येतो तसा आंबूस-खवट वास आतून अंगावर आला. त्यांनी ड्रायव्हरच्या सीटवर बोट टेकवलं आणि उचललं. बोट उचलताना बारीकसा आवाज झाला, चिकटलेलं पाकीट उघडताना होतो तसा. मागच्या सीटवर कुणीतरी वर्तमानपत्र ठेवलं असावं. त्याची अर्धी बातमी उलट्या अक्षरांत सीटवर उमटली होती.

"रविवारी आम्ही दोघांनी मिळून चोळलं," दंतवैद्य म्हणाले. "दिवसभर उन्हात ठेवून चांगलं मुरू दिलं."

कुणी सांगितलं, हे विचारायची गरज नव्हती, तरी वहिनींनी विचारलं. दंतवैद्यांच्या बायकोला शाळेत शिकवायला असलेल्या बाईंनी सांगितलं होतं. बाईंचा रोज सकाळी फोनवर घरगुती उपाय येतो, अगदी नेमाने, आणि बाईंचं आजवर काही चुकलेलं नाही, असंही दंतवैद्यांनी सांगितलं. वहिनी हूं म्हणाल्या आणि फडकं आणायला आत गेल्या. आत जाऊन त्या क्षणभर फडक्यांच्या खणासमोर नुसत्याच उभ्या राहिल्या. त्या बाई म्हणजे त्यांची सख्खी नणंद होती.

वहिनींचं दुकान टायरवाल्याच्या शेजारी, दोन गाड्या जेमतेम मावतील एवढं. मागे शिलाईचं जाड मशीन, त्याच्या बाजूला लांब टेबल, भिंतीवर खिळ्यांना अडकवलेले पुठ्ठ्याचे नमुने. एकेका नमुन्यावर गाडीचं नाव सासऱ्यांच्या हातचं, पेन्सिलीने लिहिलेलं. दुकान सासऱ्यांनी सुरू केलं. गाड्यांच्या चामडी सीटा शिवायच्या, फाटलेल्या दुरुस्त करायच्या, जुन्यांना पुन्हा रंग द्यायचा. आसपास हे काम हाताने करणारं दुसरं कुणी नव्हतं. मुलाने म्हणजे वहिनींच्या नवऱ्याने दुकानाकडे कधी ढुंकून पाहिलं नाही. चामडं टोचायची आरी हातात घेतली की त्यांचे तळवे घामाने भिजायचे. ते पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लागले आणि मीटर तपासण्यात सुखी झाले. वहिनी बाविसाव्या वर्षी लग्न होऊन घरात आल्या. एक दिवस सासऱ्यांना मोठं कातडं धरायला माणूस हवा होता, म्हणून त्या दुकानात गेल्या, आणि पुन्हा घरी बसल्या नाहीत.

सासरे बोलायचे कमी. पहिले सहा महिने त्यांनी सुनेला सुईला हातही लावू दिला नाही, फक्त सीटा पुसायला लावल्या. कोमट पाण्यात सौम्य साबणाचे चार थेंब, फडकं बुडवायचं, पिळायचं. ते म्हणायचे, अजून पीळ. त्या पिळायच्या. ते म्हणायचे, अजून पीळ, थेंब पडला तर घरी जा. मग सीटखालच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यात आधी पुसून बघायचं, फडक्यावर रंग येतो का. नाही आला तर पुढे. शिवणीवर रेंगाळायचं नाही. लगेच कोरडं फडकं, आणि गाडी सावलीत. एवढंच. याच्यापुढे काही नाही. गाडीच्या चामड्यावर रंगाचा एक थर असतो आणि जे काही आपण लावतो ते त्या थराला लागतं, चामड्याला नाही, हे एक वाक्य सासऱ्यांनी त्यांना वर्षभरात निदान शंभर वेळा ऐकवलं होतं. बाकीचं सगळं त्यांनी हातानेच शिकवलं.

तर वहिनींनी तीस वर्षांत लोकांनी काय काय लावलेलं पाहिलं नव्हतं? कुणी टूथपेस्ट घासली होती, पांढऱ्या सीटा अजून पांढऱ्या व्हाव्यात म्हणून, आणि सगळी चकाकी खरवडून काढली होती. कुणी बाळाचे ओले रुमाल वर्षभर फिरवले होते, आणि ज्या जागी हात टेकतो तिथला रंग भुरभुरला होता. एका गृहस्थांनी बुटाचं पॉलिश लावलं होतं आणि ते स्वतः लग्नासाठी मुलगी बघायला मागून तपकिरी होऊन गेले होते. पण ही सुटी सुटी माणसं होती. वर्षाला पाच-सहा. वहिनी मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या. बाईंनी मात्र सगळ्यांना एकदमच कामाला लावलं.

बाई म्हणजे सासऱ्यांची थोरली मुलगी. मुलींच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षं गृहशास्त्र शिकवलं. भागातल्या निम्म्या बायका त्यांच्या हाताखालून गेलेल्या, आणि अजूनही त्या रस्त्यात दिसल्या की पन्नाशीच्या बायका पाठ सरळ करायच्या. वहिनीसुद्धा आठवीत त्यांच्याच वर्गात होत्या. काजं शिवण्याच्या तासाला बाईंनी त्यांच्याकडून एकच काज अकरा वेळा उसवून घेतलं होतं. पुढे त्याच घरात सून म्हणून गेल्यावर ताई म्हणायची पाळी आली, ते काही जिभेवर बसलं नाही. नणंदेला बाई म्हणणारी ती भागातली एकटीच भावजय असावी.

निवृत्तीनंतर बाईंना कुणीतरी फोन वापरायला शिकवलं. तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला चारशे माजी विद्यार्थिनींना 'आजचा घरगुती उपाय' जायचा. खरं सांगायचं तर उपाय चांगले असायचे. नळावरचा पांढरा थर कसा काढावा, बिजागरी कुरकुरली तर काय करावं, ओल्या कपाटाचा वास कसा घालवावा. बिजागरीचा उपाय वहिनींनी स्वतः दुकानाच्या दाराला केला होता. अडचण नेमकी तिथेच होती. शंभरातले नव्व्याण्णव बरोबर निघाले की शंभरावा कोण तपासून बघतो?

तो शंभरावा महिनाभरापूर्वी आला. गाडीची चामडी सीट म्हणजे शेवटी त्वचाच, असं बाईंनी लिहिलं होतं. हिवाळ्यात आपल्या हातापायांना जे लागतं तेच तिला लागतं. एक वाटी व्हिनेगर, दोन वाट्या गोडेतेल, बाटलीत घालून हलवावं, मऊ कापडाने चोळावं, मुरू द्यावं. सीट नव्यासारखी चमकते. आणि शेवटी एक ओळ होती: आमचे वडील याच व्यवसायातले होते, त्यामुळे हे अनुभवाचे बोल आहेत.

ती ओळ वाचून वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. व्हिनेगर, तेल हे त्यांनी एक वेळ समजून घेतलं असतं.

त्यांनी आधी नवऱ्याला गाठलं. अहो, तुमच्या बहिणीशी बोला. नवरा म्हणाला, तूच बोल ना, तुझ्या बाई आहेत. असं दोन दिवस चाललं. शेवटी त्यांनी बहिणीला फोन लावला, वीस मिनिटं तिच्या गुडघ्याची चौकशी केली, आणि फोन ठेवून म्हणाले की आज तिचा आवाज जरा थकलेला वाटला, तेव्हा विषय काढला नाही.

मग रविवारी बाई जेवायला आल्या तेव्हा वहिनींनी स्वतःच विषय काढला. सीटवर रंगाचा थर असतो, तेल आत जातच नाही, वरच बसतं, त्यावर धूळ चिकटते, आणि व्हिनेगरने तो थर हळूहळू मऊ पडतो, असं त्यांनी शांतपणे, पाठ केल्यासारखं सांगितलं. बाईंनी जेवता जेवता ऐकून घेतलं.

"तू शिवणकाम फार सुरेख करतेस," बाई म्हणाल्या. "मी सगळ्यांना सांगते. पण हे रसायनशास्त्र आहे."

"बाई, तेल आत जात नाही."

"आत जात नाही तर सीट चमकते कशी?"

"ओली असते म्हणून चमकते."

"म्हणजे चमकते, हे तुलाही मान्य आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी भावाला पाणी वाढायला सांगितलं. नवऱ्याने पाणी वाढलं आणि ताटात खाली मान घातली. वर्गात उभं राहून चुकीचं उत्तर दिल्यासारखं वहिनींना वाटत राहिलं, आणि उत्तर तर बरोबर होतं.

त्यांनी हार मानली नाही. एकाच कातड्याचे तीन तुकडे कापले, पुठ्ठ्यावर चिकटवले. एकाला दोन आठवडे बाईंचं मिश्रण, एकाला टूथपेस्ट, तिसऱ्याला नुसतं ओलसर फडकं. तीनही तुकडे दुकानाच्या खिडकीत उन्हात ठेवले. दोन आठवड्यांनी पहिल्याची दशा अशी झाली होती की त्यावर एक माशी कायमची मुक्कामाला राहिली होती. वहिनी पुठ्ठा घेऊन बाईंच्या घरी गेल्या. बाईंनी चष्मा लावला, तिन्ही तुकडे बराच वेळ न्याहाळले, पुठ्ठा किती नीट कापला आहे त्याचं कौतुक केलं आणि फोनवर त्याचा फोटो काढून घेतला. वहिनींना वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला संदेश आला. भावजयीने केलेल्या प्रयोगातून असं दिसून आलं की व्हिनेगर किंचित जास्त होत आहे. तरी एक वाटीऐवजी अर्धी वाटी घ्यावी.

वहिनींनी तो दुकानात उभ्या उभ्या वाचला आणि त्या फोमच्या गुंडाळीवर बसल्या. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत बसूनच होत्या.

मग त्यांनी दुकानाबाहेर पाटी लावली. सीटला घरातलं काही लावू नका, ओलसर फडकं, कोरडं फडकं, बस. लोक पाटी वाचायचे, आत यायचे आणि विचारायचे, ओलसर म्हणजे कशाने ओलसर, व्हिनेगरने ना? एकाने विचारलं की फडकं कुठल्या कंपनीचं. इतकी साधी गोष्ट खरी असेल यावर कुणाचा विश्वासच बसत नव्हता. दोन वस्तू मोजून घेऊन बाटलीत हलवल्या की माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटतं. नुसतं पुसायला सांगितलं की फसवल्यासारखं वाटतं.

आणि आज हे दंतवैद्य. वहिनींनी त्यांना सगळं समजावलं. तेल काढायला साबणाचा फेस पाच-सहा वेळा फिरवावा लागेल, मागच्या सीटवरची बातमी तरी पूर्ण जाईल याची खात्री नाही, पुढे काही लावू नका. दंतवैद्य सज्जन माणूस. त्यांनी मान डोलावली, आणि जाताना हसत हसत म्हणाले, "तुमचंही बरोबर आहे म्हणा. सगळ्यांनी घरीच केलं तर तुमचं दुकान कसं चालायचं?"

त्यांनी हे लागट बोलायचं म्हणून म्हटलं नव्हतं. पण ते वहिनींच्या जिव्हारी लागलं. दिवसभर त्या ज्याच्या त्याच्यावर करवादत होत्या. टायरवाला चहा घेऊन आला तर त्यालाही म्हणाल्या, कप टेबलावर ठेवू नकोस, डाग पडतो.

पुढच्या आठवड्यात डॉक्टरीणबाई नवऱ्याची गाडी घेऊन आल्या.

म्हातारे डॉक्टर आता चौऱ्याऐंशीचे. दवाखाना बंद करून वर्षं झाली. गाडी मात्र त्यांनी विकली नव्हती. लांबोडकी, जुनी गाडी, आत डाळिंबी रंगाच्या सीटा. त्या सीटा सासऱ्यांनी शिवल्या होत्या, वहिनी दुकानात आल्या त्या वर्षी. माप घ्यायला सासरे तीनदा डॉक्टरांकडे गेले होते. सगळ्या दोऱ्याला मेण वहिनींनी लावलं होतं, ते त्यांचं दुकानातलं पुसण्यापलीकडचं पहिलं काम. सासऱ्यांनी सबंध शिवलेल्या सीटांपैकी रस्त्यावर उरलेली ही एकच गाडी होती. बाकीच्या भंगारात गेल्या. डॉक्टरांना आता चालवता येत नव्हतं, पण रोज सकाळी ते अंगणात उभ्या असलेल्या गाडीत पुढे बसून रेडिओ ऐकायचे. बायकोचं म्हणणं, घरातल्या रेडिओवर त्यांना त्याच बातम्या पटत नाहीत.

डॉक्टरांच्या खिशातलं पेन गळलं होतं. सीटवर निळा डाग पडला. डॉक्टरीणबाई बाईंच्या विद्यार्थिनी नव्हत्या, पण त्यांच्या सुनेने बाईंचा शाईचा उपाय त्यांना पाठवला: कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर. शाई गेली. शाईबरोबर रंगही गेला. तळहाताएवढा फिकट, उघडा पट्टा पडला. घाबरून त्यांनी दुसरा उपाय शोधला, आणि तो तर हाताशीच होता. अर्धी वाटी व्हिनेगर, दोन वाट्या गोडेतेल. वरचा थर गेलेलाच होता. उघड्या चामड्याने तेल घटाघटा पिऊन टाकलं आणि काळं पडलं. कडेचा रंग पापुद्र्यासारखा सुटत चालला होता. तेल शिवणीतून आतल्या फोमपर्यंत उतरलं होतं.

वहिनी सीटसमोर उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"माझंच चुकलं असणार," डॉक्टरीणबाई मागून म्हणाल्या. "मी कापूस फार जोरात घासला. बाईंचा उपाय चुकायचा नाही."

वहिनींना आजवर आलेल्या सगळ्या रागापेक्षा मोठा राग आला तो या वाक्याचा. बाई चुकायच्या आणि दोष ज्याने त्याने आपल्या हाताला द्यायचा. वहिनींनी सीट काढून घेतली, रिक्षाने डॉक्टरीणबाईंना घरी पाठवलं, आणि कव्हर टेबलावर उलटं टाकलं.

बसायच्या जागेचा पुढचा तुकडा बदलण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वहिनींनी पातं घेतलं आणि टाके उसवायला सुरुवात केली. सासऱ्यांची एक खोड होती. प्रत्येक कोपऱ्यावर ते तीन टाके मागे यायचे आणि आतल्या बाजूला गाठ मारून दोऱ्याचं टोक शिवणीत दडवायचे. बाहेरून काही दिसायचं नाही. हे एवढं कशाला, असं वहिनींनी तेव्हा विचारलं होतं, तर ते म्हणाले होते की माणूस गाडीत बसताना सगळं वजन कोपऱ्यावर टाकतो. तीस वर्षं डॉक्टर त्या कोपऱ्यावर वजन टाकत आले होते आणि एकही टाका सैल झाला नव्हता. वहिनींना ते तोडताना हाताला जोर लावावा लागला. शेवटचा कोपरा तुटला तेव्हा त्यांनी पातं खाली ठेवलं. तुकडा कापडी पिशवीत घातला. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी शटर ओढलं, टायरवाल्याला काही न सांगता, आणि त्या बाईंच्या घराकडे चालू लागल्या.

बाई जेवणाच्या टेबलाशी बसून वहीत उद्याचा उपाय लिहीत होत्या. वहिनींनी पिशवीतून तुकडा काढला आणि वहीवरच ठेवला, मागची बाजू वर करून.

"हे कुणी शिवलंय?"

अशा वेळी बाई आधी नमस्कार, मग बसणं, मग काम, असं म्हणायच्या. आज म्हणाल्या नाहीत. त्यांनी तुटक्या टाक्यांवरून, कोपऱ्यातल्या गाठीवरून बोट फिरवलं. शिवण वाचायची सवय त्यांनाही होती, चौतीस वर्षांची.

"बाबांनी," त्या म्हणाल्या.

"आता पालथं करा."

बाईंनी तुकडा पालथा केला. काळा पट्टा पाहिला, नाकाशी नेला, वास घेतला. "माझं आहे का हे?"

"दोन्ही तुमचं. आधी शाईचं, मग तेलाचं."

आणि मग महिनाभर साठलेलं वहिनींच्या तोंडून बाहेर पडलं. मोठ्याने नाही. त्यांचा आवाज उलट बारीकच झाला होता. त्या म्हणाल्या, "बाई, चुकतं माणसाचं. पण तुम्ही खाली बाबांचं नाव घातलंत. बाबांनी आयुष्यात एकदाही सीटला तेलाचं बोट लावलं नाही. तुम्हाला माहीत नव्हतं तर नव्हतं. त्यांच्या नावावर का घातलंत?"

बाईंनी पेनाला टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"मला माहीत कसं असणार?" त्या शेवटी म्हणाल्या. "मला कधी उंबऱ्याच्या आत येऊ दिलं त्यांनी? लहानपणी रोज डबा घेऊन जायचे मी. दारात ठेव आणि शाळेत जा, म्हणायचे. हाताला चामड्याचा वास लागला तर मुली हसतील तुला. मला शिकायचं होतं ते. मी विचारलंही होतं दोनदा." त्या थांबल्या. "तू आलीस, आणि वर्षाच्या आत त्यांनी तुझ्या हातात आरी दिली. तेव्हा मी छत्तीस वर्षांची होते. मला कुणी विचारलं नाही की तुला कसं वाटलं."

इतकी वर्षं वहिनींची समजूत अशी, की शिकलेल्या बाईंना कातडी कामाची किळस येते, म्हणून त्या दुकानात पाऊल टाकत नाहीत. ती समजूत त्यांनी कधी तपासून पाहिली नव्हती, कारण ती त्यांच्या रागाला सोयीची होती. आता राग होता तिथेच होता, पण तो नेमका कुणावर काढायचा ते कळेनासं झालं. मेलेल्या सासऱ्यांवर काढायचा? त्या खुर्ची ओढून बसल्या आणि चिडून म्हणाल्या, "मग मला सांगायचं होतंत. मी शिकवलं असतं."

"माझ्याच विद्यार्थिनीकडून?" बाई म्हणाल्या. मग तुकड्याकडे बघत त्यांनी विचारलं, "हे दुरुस्त कसं करायचं?"

"होत नाही. हा गेला. नवीन कापायचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दुकानाच्या दारात उभ्या होत्या, शाळेतला निळा एप्रन घालून. आत येताना त्या चपला काढायला लागल्या तेव्हा वहिनींनी त्यांना थांबवलं, खाली पिना पडलेल्या असतात म्हणून. बाई चपलांसकट आत आल्या, चारही भिंतींकडे बघून घेतलं, वडिलांच्या अक्षरातल्या एका नमुन्यापाशी जरा थांबल्या, आणि काम विचारलं.

डॉक्टरांच्या बाकीच्या सीटांनाही तेल लागलं होतं. ते साबणाच्या फेसाने काढायचं, तळहाताएवढी जागा घ्यायची, मऊ ब्रशने फेस फिरवायचा, टिपायचा, पुन्हा फिरवायचा. बाईंनी तीन दिवस ते केलं. गुडघे दुखतात म्हणून दर अर्ध्या तासाने सांगितलं, ब्रशची मूठ चुकीच्या आकाराची आहे हेही सांगितलं, पण केलं. वहिनींनी नवा तुकडा कापला. डाळिंबी रंग जुळवायला त्यांना चार वेळा मिसळावं लागलं. जुन्या रंगावर तीस वर्षांचं ऊन होतं, ते कुठल्या डबीत मिळत नाही. कोपऱ्यावर त्या तीन टाके मागे आल्या आणि बाई शेजारी उभं राहून बघत होत्या.

सीट बसवून दिली तेव्हा डॉक्टर आत बसले, मांडीखालून तळवा फिरवला आणि म्हणाले, इथे नवीन घातलंय. मग त्यांनी रेडिओ लावायला सांगितला. डॉक्टरीणबाई फार खूश झाल्या. वहिनींना मात्र उन्हात तो एकच तुकडा बाकीच्यांहून जरा जास्त लाल दिसत होता, आणि दुसरं काही दिसत नव्हतं.

बाईंनी चुकीची कबुली लिहिली. चार कच्चे खर्डे झाले. वहिनींनी सांगितलं होतं, दोन ओळी लिहा. झाल्या एकवीस. पण खरं ते लिहिलं: उपाय चुकीचा होता, वडिलांचं नाव मी न विचारता घातलं, सीटला तेल, व्हिनेगर, रिमूव्हर यांतलं काही लावू नये. साडेसहाला चारशे जणींना गेलं. दुपारपर्यंत साठ उत्तरं आली. बाई, तुमचं मन किती मोठं. बाई, चूक मान्य करायला धाडस लागतं. बाई, तुमच्याकडून आजही शिकतो. सीट पुसायची कशी, हे एकीनेही विचारलं नाही. त्यातल्या एकीच्या सीटा त्यानंतर दहा दिवसांनी वहिनींकडे आल्या, चिकट. तिने म्हणे कबुली अर्धीच वाचली होती, फार लांब होती.

आणि मूळ उपाय तोवर बाईंच्या हातातून केव्हाच सुटला होता. पुढे पाठवत पाठवत तो कुठल्या कुठे पोचला. एका भाड्याच्या गाडीवाल्याने दूरच्या भावाकडून आलेला म्हणून तो दाखवला, तेव्हा त्यात अंड्याचा पांढरा बलकही होता. बाई नेमक्या दुकानात होत्या. त्यांनी त्याच्या हातून फोन घेतला, शेवटपर्यंत वाचला.

"अंडं कुणी घातलं यात?" त्यांनी विचारलं.

गाडीवाल्याला माहीत नव्हतं. तो म्हणाला, "पण आजी, हे खात्रीचं आहे. लिहिणाराचे वडील याच धंद्यात होते."

बाईंनी फोन परत दिला. त्या दिवशी वहिनींनी त्यांना डिवचलं नाही.

आता बाई मंगळवारी आणि शुक्रवारी दुकानात येतात. त्यांनी येऊन पहिली गोष्ट केली ती म्हणजे खण लावले. पांढऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या, टपोऱ्या अक्षरात: जाड सुया, मध्यम सुया, बारीक सुया, किरकोळ. वहिनींना तीस वर्षं डोळे मिटून सापडणारी वाकडी दाभण आता 'किरकोळ'मध्ये असते, असं बाई म्हणतात, पण असत नाही. नवरा संध्याकाळी विचारतो, जमतंय ना दोघींचं? वहिनी म्हणतात, तुम्ही एक दिवस येऊन बसा. ते येत नाहीत.

गिऱ्हाइकांशी बोलायचं काम बाईंनी आपणहून घेतलं आहे. सीट कशी पुसायची, हे सांगायला वहिनींना एक वाक्य पुरतं. बाई प्राण्याच्या कातडीच्या थरांपासून सुरू करतात, मग रंग कसा चढवतात, मग आम्ल म्हणजे काय, मग प्रश्न विचारतात आणि उत्तराची वाट बघतात. लोक घड्याळ बघतात, किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतात. परवा एक जण आम्लापर्यंत येऊन निघून गेला, फडक्याचं ऐकायच्या आधीच. त्याची गाडी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत वहिनी बघत राहिल्या. आता हा घरी जाऊन नक्की काहीतरी लावणार.

"बाई, आधी फडक्याचं सांगत जा ना," त्या म्हणाल्या. "बाकीचं मग."

"मुळापासून कळलं नाही तर लोक विसरतात," बाई म्हणाल्या आणि दारात आलेल्या पुढच्या गिऱ्हाइकाला त्यांनी स्टुलावर बसायला सांगितलं.

वहिनींनी पाना घेतला आणि त्या समोरच्या गाडीत शिरल्या. सीट रुळावरून काढायला चार बोल्ट असतात, मागचे दोन नेहमी गंजलेले. त्यांनी सीटखाली पार खांद्यापर्यंत डोकं घातलं. तिथून बाहेरचं बोलणं जरा कमी ऐकू येत होतं. पहिला बोल्ट हलेना. त्यांनी पाना पुन्हा बसवला आणि दोन्ही हातांनी जोर लावला.